मांजरीकडे दिलेला निरोप

हागुरे बेटावर बोट धक्क्याला लागायच्या आत मांजरं हजर असतात. आधी दोन-तीनच दिसतात, जाळी वाळत घालायच्या बांबूंखाली बसलेली. मग बोटीचा भोंगा होतो आणि गल्ल्यांतून, बंद घरांच्या ओट्यांखालून, देवळाच्या पायऱ्यांवरून एकेक खाली उतरू लागतं. पिवळी, काळी, पांढऱ्यावर ठिपके असलेली. बहुतेकांच्या शेपट्या आखूड, टोकाशी पिळलेल्या. घाई कुणालाच नसते. येतात, एकमेकांपासून अंतर ठेवून धक्क्याच्या कडेला बसतात आणि उतरणाऱ्या माणसांकडे बघत राहतात.

जपानच्या पश्चिम किनाऱ्यापासून बरंच आत समुद्रात हे बेट आहे. हागुरे म्हणजे बरोबरच्यांपासून चुकलेला, मागे राहिलेला. बाकीची बेटं एकमेकांना धरून आहेत आणि हे एकटंच लांब पडलं आहे. एके काळी इथे नांदतं गाव होतं. आता शाळा बंद, दुकान बंद, बहुतेक घरांच्या खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. माणसं थोडी उरली आहेत, आणि सगळी म्हातारी. मांजरांची मात्र मोजदाद नाही. त्यांचे फोटो काढायला लोक लांबून येतात. मीही तशीच गेले होते. मी मूळची साताऱ्याची. नोकरीसाठी ओसाकाला येऊन राहिले आहे. जोडून सुट्टी आली होती, बरोबर यायला कुणी नव्हतं, म्हणून एकटीच निघाले.

परतीची बोट दुपारी होती. वारा बोचरा होता म्हणून आम्ही उतरलेले चार-पाच जण धक्क्यावरच्या पत्र्याच्या निवाऱ्यात बसलो. तिथे तोमे नावाच्या आजी पाहुण्यांना चहा देतात. आमच्यातल्या एका बाईंनी मांजरांसाठी आणलेलं खाऊचं पाकीट फोडलं आणि म्हणाल्या, "भुकेली आहेत बिचारी, बोट दिसली की धावतात."

"भुकेनं नाही येत ती," तोमे आजी म्हणाल्या. "त्यांना इथं बसायची सवय लावलेली आहे. फार जुनी सवय." मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही कुठल्या?"

"भारतातली. पण राहते ओसाकाला."

"ओसाकाला?" आजींनी हातातली किटली खाली ठेवली. "मग तुम्ही ऐकायलाच हवं. तो माणूसही ओसाकाचाच होता."

आणि त्यांनी जे सांगितलं ते असं.

फार पूर्वी, किल्ल्यातल्या सरदारांचं राज्य होतं तेव्हा, हागुरे बेटावर मांजर नव्हतंच म्हणे. होती ती मासे मारणारी माणसं आणि समुद्राच्या तळाशी बुडी मारून खडकांना चिकटलेले मोठे शिंपले काढणाऱ्या बाया. त्या काळी मोठ्या शहरातल्या गुन्हेगारांना अशा लांबच्या बेटांवर आणून सोडत. एका शरद ऋतूत एक बोट आली आणि तिच्यातून सेइबेई नावाच्या माणसाला उतरवलं.

सेइबेई ओसाकात मेणबत्त्या बनवायचा. दाट वस्तीतलं त्याचं दुकान. एका भिंतीपलीकडे चटया विणणारे, दुसऱ्या भिंतीपलीकडे भात शिजवून विकणारे. दिवसभर माणसांचा आवाज कानावर. एका संध्याकाळी मेणाच्या कढईने पेट घेतला आणि वाऱ्यामुळे आख्खी आळी जळाली. माणसं गेली त्यात. त्याने मुद्दाम काही केलं नव्हतं, पण लाकडाच्या शहरात आग लागू देणं हाच मोठा गुन्हा होता. घरी म्हातारी आई होती. तिला मागे ठेवून त्याला जन्मभरासाठी इथे धाडलं.

बोटीवरच्या अधिकाऱ्याने धक्क्यावर उभं राहून हुकूम वाचला. या माणसाला गावाबाहेरची झोपडी मिळेल, एक कुदळ मिळेल. तो आपलं पोट आपण भरेल. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, आणि त्याने कुणाशी बोलायचं नाही. जो बोलेल त्याच्या घराला गावाची विहीर बंद, गावाची बोट बंद.

त्या बोटीवर उंदीर मारायला ठेवलेली एक मांजरी होती. पांढरी, अंगावर काळे-पिवळे डाग, शेपूट आखूड. माणसं उतरत होती त्या गडबडीत ती उडी मारून खाली आली आणि कुठेतरी खडकांत शिरली. पोटुशी होती, आडोसा शोधत असावी. बोट तिच्यासाठी थांबली नाही. म्हणून गावातले लोक म्हणत, त्या दिवशी बेटावर दोघं टाकून दिलेले आले.

सेइबेईची झोपडी गावाच्या टोकाला, उतारावर होती. तिच्या अलीकडे दगडांचा एक गडगा, आणि गडग्याला लागून गावातलं शेवटचं घर. त्या घरात इसो राहायची. शिंपले काढणारी बाई. नवरा मासेमारीला गेला तो परत आला नव्हता. ना बोट सापडली, ना तो. मूलबाळ नव्हतं. ती दिवसभर पाण्यात असायची आणि संध्याकाळी घरी येऊन चूल पेटवायची. पाण्याखाली बोलता येत नाही आणि घरी बोलायला कुणी नाही. आपलाच आवाज ऐकून दचकावं इतकी ती गप्प झाली होती, असं सांगतात.

पहिला हिवाळा सेइबेईने कसा काढला ते त्यालाच ठाऊक. तो खडकांवरचं शेवाळ खरवडून आणायचा, रानातली मुळं उकडायचा. सुरुवातीला वाटेत कुणी दिसलं की सवयीने वाकून नमस्कार करायचा. समोरचा माणूस मान फिरवायचा. मग त्याने वाकणं सोडलं. कुणी येताना दिसलं की तोच वाट सोडून झुडपात उभा राहायचा, समोरच्याला मान फिरवायचा त्रास नको म्हणून. कधी कधी कड्यावर जाऊन तो समुद्राकडे तोंड करून मोठ्याने आपल्या आळीतल्या लोकांची नावं घ्यायचा. आवाज गावापर्यंत यायचा. बाया मुलांना आत घेत आणि दार लावून घेत.

मांजरी त्याच्या झोपडीत येऊन राहिली होती. तिची पिल्लं झाली, पण झोपडीत खायला काय होतं? एक दिवस ती गडगा ओलांडून इसोच्या अंगणात आली आणि वाळत घातलेला मासा घेऊन पळू लागली. इसोने तिला मानेला धरून पकडलं. मारायला हात उचलला, तर हाताला नुसती हाडं लागली. कातडीखाली काही नव्हतंच.

इसो तिला घेऊन गडग्याशी आली. पलीकडे सेइबेई लाकडं मोडत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. मांजरीला गडग्यावर ठेवलं, आणि मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल अशी तिच्यावर ओरडली. "चोरी कशाला करतेस गं? त्या झोपडीत कुणी उपाशी असेल तर सरळ सांगावं. माशांची डोकी आणि उरलेला भात मी रोज संध्याकाळी या दगडावर ठेवीन. मांजरासाठी ठेवायला कुणाची मनाई नाही."

पलीकडे लाकडं मोडायचा आवाज थांबला. मांजरी गडग्यावर बसून पंजा चाटत राहिली. इसो वळून निघाली, तेव्हा मागून एक खरखरीत, न वापरलेला आवाज आला.

"मने," तो मांजरीला म्हणाला, "तुझ्या त्या मालकिणीला सांग, फार उपकार झाले."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने दगडावर ताटली ठेवली आणि मांजरीला सांगितलं, आज समुद्र खवळला होता, खाली जाता आलं नाही, म्हणून डोकी कमी आहेत. पलीकडून तो मांजरीला म्हणाला, पुरे आहेत, आणि वारा अजून वाढणार असं ढगांवरून वाटतंय, मालकिणीनं उद्याही पाण्यात जाऊ नये. तिला हसू आलं म्हणे. ओसाकाचा मेणबत्तीवाला तिला समुद्र शिकवत होता.

असं ते सुरू झालं. रोज दिवेलागणीला इसो गडग्याच्या या बाजूला बसायची, सेइबेई त्या बाजूला. मधे दगडावर मांजरी. दोघं एकमेकांकडे बघत नसत. बघणं हेही एक बोलणंच आहे असं त्यांना वाटे. तो मांजरीला ओसाकाच्या पुलांबद्दल सांगायचा, सणाच्या दिवशी नदीत सोडलेल्या दिव्यांबद्दल, शेजारच्या भातवालीच्या शिव्यांबद्दल. ती मांजरीला तळाशी दिसणाऱ्या गोष्टी सांगायची: वाळूवर पडलेला नांगर, गवतात उभा राहून झोपणारा मासा, दम संपत आला की छातीत काय होतं ते. सुरुवातीला ती त्याला "त्या झोपडीतला माणूस" म्हणायची. पुढे कधीतरी नुसतं "त्यांना सांग" म्हणायला लागली. केव्हापासून, ते तिलाही कळलं नाही.

एकदा ती मांजरीला म्हणाली, "उद्या माझ्या नवऱ्याच्या जाण्याचा दिवस. देवाजवळ लावायला दिवासुद्धा नाही घरात." आगीनंतर सेइबेईने मेणाला हात लावला नव्हता. पण बेटाच्या डोंगरावर फळांतून मेण निघणारी झाडं होती, ती त्याने आल्या आल्याच ओळखली होती. सकाळी इसोने दार उघडलं, तर गडग्यावर एक मेणबत्ती होती. ओबडधोबड, लव्हाळ्याची वात घातलेली. पाण्यात जाण्याआधी तिने ती लावली. धूर जवळजवळ नव्हता, आणि ती फार वेळ जळत राहिली.

वर्षं गेली. एका वसंतात मालाची बोट आली आणि खलाशांनी बातमी आणली की ओसाकात सेइबेईची आई वारली. मुखिया होता गोनेमोन नावाचा. त्याला कळलं, त्याच्या घरात कळलं, विहिरीवर कळलं. दिवस मावळेपर्यंत गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. फक्त ज्याची आई गेली त्याला ठाऊक नव्हतं, कारण त्याला सांगायची कुणाला परवानगी नव्हती.

त्या संध्याकाळी इसो गडग्यापाशी बसली आणि तिने मांजरीला मांडीवर घेतलं, जे ती एरवी करत नसे.

"त्यांना सांग," ती म्हणाली आणि थांबली. मग पुन्हा, "त्यांना सांग, ओसाकाहून बोट आली होती. त्यांच्या आई गेल्या. हिवाळ्यात गेल्या. शेजारच्या भातवालीनं शेवटपर्यंत केलं त्यांचं. आजारात त्रास झाला नाही म्हणतात."

अंधार पडू लागला तरी इसो उठली नाही. शेवटी तो म्हणाला, "मने, मालकिणीला सांग, आता आत जावं. दव पडतंय." एवढंच. इसो आत गेली नाही. तोही उठला नाही. मधला गडगा हातभर रुंद होता. त्यावरून हात टाकला असता तर खांद्याला लागला असता. पण दोघांपैकी कुणी हात टाकला नाही.

गावाला हे सगळं ठाऊक होतं का? असणारच. गल्ली अरुंद आणि संध्याकाळी आवाज लांब जातो. पण कुणी बोललं नाही. उलट मांजरीच्या पिल्लांची पिल्लं हळूहळू घराघरांत पोचली होती. उंदरांसाठी म्हणून नेली, असं सगळे म्हणत.

मग एका वर्षी समुद्राने हात आखडला, मासा कमी झाला, आणि अशा वेळी लोक कारण शोधतात. कुणीतरी मुखियाच्या कानावर घातलं की इसो हुकूम मोडते, म्हणून देव रुसलाय. गोनेमोनने तिला समुद्रदेवीच्या देवळात बोलावलं. सगळा गाव अंगणात जमला. तिच्यासमोर समुद्राच्या पाण्याने भरलेली वाटी ठेवली. खोटी शपथ घेऊन जी बाई ते पाणी पिईल, ती पुन्हा समुद्रातून वर येणार नाही, अशी श्रद्धा होती.

"सेइबेईशी तू बोललीस का?" गोनेमोनने विचारलं.

"एक शब्दही नाही," इसो म्हणाली.

"तो तुझ्याशी बोलला का?"

"एक शब्दही नाही. त्यांनी कधी माझं नावसुद्धा घेतलेलं नाही." आणि वाटी उचलून ती सगळं पाणी प्यायली.

"मग रोज संध्याकाळी तू कुणाशी बोलतेस?"

"मांजराशी."

अंगणात कुणीतरी हसलं, आणि ते हसू गोनेमोनला लागलं. तो वाईट माणूस नव्हता, पण हुकुमाचा धाक गेला तर किल्ल्यावर जाब त्याला द्यावा लागणार होता. त्याने सांगितलं, बेटावर एकही मांजर राहता कामा नये. सगळी पकडा आणि मालाच्या बोटीवर चढवा.

तसं झालं. पोत्यांत घालून मांजरं नेली. ती पहिली, आता म्हातारी झालेली डागांची मांजरीही नेली. इसो गडग्याशी उभी होती, सेइबेई त्याच्या दारात. पोतं घेऊन जाणारे पुरुष दोघांच्या मधून गेले.

त्यानंतरचा काळ सगळ्यात कठीण गेला, असं सांगतात. पूर्वी बोलणं नव्हतं तेव्हा नव्हतं. आता दोघं संध्याकाळी आपापल्या बाजूला येऊन बसत आणि मधला दगड रिकामा असे. इसो दगडावर ताटली ठेवायची, तो ती रिकामी करून परत ठेवायचा, धुऊन. दगडाशी बोलावं, झाडाशी बोलावं, असं त्यांच्या मनात आलं नसेल का? पण ते जमलं नाही. मांजर ऐकतं. निदान कान हलवतं.

आता गोनेमोनच्या घरात एक गोष्ट होती ती सांगायला हवी. त्याचा एकुलता मुलगा समुद्रात गेला होता. वादळाचं चिन्ह असताना बोटी बाहेर काढायचा हुकूम गोनेमोननेच दिला होता. त्या दिवसापासून तो आणि त्याची बायको ओत्सुरु घरात एकमेकांशी बोलत, पण मीठ आण, दार लाव, एवढंच. मुलाचं नाव कुणी काढत नसे. मांजरं पकडली गेली तेव्हा ओत्सुरुने एक पिल्लू तांदळाच्या रिकाम्या हंड्यात लपवलं. बरेच दिवस कुणाला पत्ता लागला नाही.

एका संध्याकाळी गोनेमोन लवकर घरी आला. माजघरातून बायकोचा आवाज येत होता. तो दाराशीच थांबला. ओत्सुरुने त्याला पाहिलं. पिल्लू तिच्या मांडीवर होतं. ती दचकली नाही, उठलीही नाही. त्या पिल्लाकडेच बघत म्हणाली, "ह्यांना सांग, मी कधी त्यांना दोष दिला नाही. पोरगं स्वतःच हट्ट धरून गेलं होतं. मी त्याला आदल्या दिवशी थांबवू शकले असते, मीही नाही थांबवलं. हे मला त्यांना सांगायचं होतं. पण ते माझ्याकडे बघतच नाहीत."

गोनेमोन उंबऱ्यावर बसला. मग म्हणे त्याने मुलाचं नाव घेतलं. बायकोला नाही, पिल्लाला सांगितलं, की पोरगा आपल्याला रोज दिसतो, धक्क्यावर दोर गुंडाळताना.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मुखिया स्वतः गावाच्या टोकाला गेला. अंगरख्याच्या आतून ते पिल्लू काढलं, गडग्यावरच्या दगडावर ठेवलं, आणि एक शब्द न बोलता परत फिरला. त्यानंतर लपवलेली पिल्लं एकेका घरातून बाहेर आली. बऱ्याच घरांत होती. प्रत्येकाला कुणाला तरी काहीतरी सांगायचं राहिलं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं बरी गेली. सेइबेईचे केस पिकले. इसोला आता पूर्वीइतकं खोल जाता येईना. आणि मग एका सकाळी किल्ल्याची बोट आली, वर निशाण, पुढे मोठा नगारा. नवे महाराज गादीवर बसले होते आणि जुन्या कैद्यांना माफी मिळाली होती.

सगळा गाव धक्क्यावर गोळा झाला. सेइबेईला बोलावलं. अधिकाऱ्याने हुकूम वाचला: शिक्षा संपली, बोलण्याची बंदी उठली. मग तो म्हणाला, "ओसाकाला जायचं तर याच बोटीने, भरती आहे तोवर. इथंच राहायचं असेल तर गावातल्या कुणीतरी पुढं येऊन तोंडी जामीन राहावं, की हा माणूस आमचा आहे. आहे कुणी?"

गोनेमोनने इसोकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. शब्द तिचा होता, तो दुसऱ्या कुणी बोलावा असं कुणालाच वाटलं नाही.

इसो पुढे आली. सेइबेई वळला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांकडे बघत होते. तिला वाटलं, हे इतकी वर्षं ओसाकाच्या पुलांबद्दल सांगत आले, यांना जायचं असेल. मी कशी अडवू? त्याला वाटलं, हिला मी राहायला हवा असेन तर ही सांगेल. माझ्यासारख्याने कसं मागावं? तिने तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिची नजर खाली गेली, पायांशी, आजूबाजूला, जाळ्यांखाली. सेइबेईही खालीच बघत होता. दोघं तेच शोधत होते.

पण नगाऱ्याच्या आवाजाने सगळी मांजरं डोंगरावर पळाली होती. धक्क्यावर एकही नव्हतं.

अधिकाऱ्याने पुन्हा विचारलं. मग खलाशी म्हणाले, पाणी उतरायला लागलं. सेइबेईने कमरेत वाकून नमस्कार केला, बेटावर आल्यावर सुरुवातीला करायचा तसा. इसोही वाकली. ती वर बघेपर्यंत तो बोटीत चढला होता.

बोट दिसेनाशी होईपर्यंत ती उभी होती. घरी आली तेव्हा गडग्यावर मांजर परत येऊन बसलं होतं. इसो त्याच्याजवळ बसली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "त्यांना सांग, राहा म्हणून. सांग, मी राहा म्हणाले."

पलीकडे झोपडीचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

सेइबेईचं पुढे काय झालं ते नक्की कुणाला माहीत नाही. खलाशी सांगत, ओसाकातल्या एका पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा मेणबत्त्या विकतो, गिऱ्हाइकाशी फारसा बोलत नाही, आणि संध्याकाळी दुकान आवरताना बेटावरच्या बोलीत मांजराशी बोलत बसतो. असेल, नसेल.

इसो मात्र त्या दिवसापासून, कुठलीही बोट लागली की माशांची टोपली घेऊन धक्क्यावर येऊन बसू लागली. बोट सुटेपर्यंत मांजरांना खायला घालत राहायची. कितीही मोठा नगारा वाजो, मांजरं पळेनाशी झाली. लोकांनी विचारलं, तर इसो म्हणायची, जाणाऱ्याला लागेल एखादं. ती गेल्यावर गावातल्या बायांनी ते काम उचललं. आईने शिकवलं म्हणून लेकीने, सासूने शिकवलं म्हणून सुनेने.

तोमे आजी थांबल्या. चहा थंड झाला होता. खाऊचं पाकीट आणलेल्या बाई ते मिटून मांडीवर धरून बसल्या होत्या.

"अजून पाळता तुम्ही हे?" मी विचारलं.

"आजही इथं अवघड गोष्ट माणसाला तोंडावर सांगत नाहीत," आजी म्हणाल्या. "लग्नाची मागणी, भांडणानंतरची माफी, गाव सोडून चाललो हे आईबापांना सांगणं, सगळं मांजराला सांगायचं, ज्याला ऐकायचं तो ऐकतो. माझ्या मुलानंही तसंच सांगितलं. आता तो नागोयाला असतो. दर रविवारी फोन करतो. हवा कशी आहे, जेवलीस का, विचारतो. पण फोनवर मांजराशी कसं बोलायचं?" त्यांनी धक्क्याकडे पाहिलं. "आमच्या गल्लीत आता मी एकटीच आहे. मांजरं पुष्कळ आहेत. मी रोज बोलते. पलीकडे ऐकायला कुणी नाही, एवढंच."

दुपारची बोट आली. बाकीचे पाहुणे फोटो काढत पुढे गेले. मी मागे राहिले. दोरखंडाच्या वेटोळ्यावर एक पिवळं मांजर बसलं होतं आणि आजी त्याच्या पलीकडे समुद्राकडे तोंड करून उभ्या होत्या. मी वाकले. जपानी मला चांगलं येतं, पण त्या वेळी तोंडातून मराठीच आलं.

"मने," मी म्हणाले, "आजींना सांग, ओसाकात संध्याकाळी घरी गेल्यावर मलाही बोलायला कुणी नसतं. हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही."

मांजराने कान हलवला. भोंगा वाजला, ते जागचं हललं नाही. मी बोटीच्या फळीवर पाय ठेवला तेव्हा मागून आजींचा आवाज आला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"हिला सांग," त्या मांजराला म्हणाल्या, "शब्द कळले नाहीत. पण ऐकलं मी."